गेटवरचा शिक्का

माझ्या वडिलांचं वर्कशॉप नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत होतं. तीन लेथ, एक मिलिंग मशीन, एक रेडियल ड्रिल आणि पाच कामगार. एका मोठ्या कंपनीसाठी ते बुश आणि पिना टर्न करून द्यायचे. माल दर आठवड्याला जायचा, पैसे येतील तेव्हा यायचे. 1998 च्या दिवाळीत थकबाकी इतकी साचली, की कामगारांचा बोनस भागवायला बाबांनी एक लेथ मशीन विकलं. टेम्पो निघून गेल्यावर शेडच्या जमिनीत चार फाउंडेशन बोल्ट तेवढे उरले. येता-जाता ते पायाला लागायचे. आई म्हणायची, कापून टाका एकदाचे. बाबा म्हणायचे, पेमेंट आलं की तिथंच दुसरं बसवायचंय. शेड विकली तेव्हाही ते बोल्ट तिथंच होते.

पेमेंट आलं, पण चौदा महिन्यांनी, आणि 'रेट डिफरन्स' म्हणून काही रक्कम कापून. व्याजाचा विषय कुणी काढला नाही. बाबांच्या मनातही तो आला नाही. पैसे मिळाले यातच ते समाधानी होते.

पुढे कॉमर्स करून मी हिशेबाच्या कामात पडले, तेव्हा एक गोष्ट कळली आणि ती आजही सलते. लघुउद्योगांची बिलं उशिरा देणाऱ्या खरेदीदारानं व्याज द्यायलाच हवं, असा केंद्राचा कायदा 1993 सालीच झाला होता. बाबांनी लेथ विकलं तेव्हा तो पाच वर्षांचा होता. आमच्या गल्लीतल्या एकाही वर्कशॉपवाल्याला त्याची खबर नव्हती. बँकेच्या साहेबांनी सांगितलं नाही, कर सल्लागारानं सांगितलं नाही, आणि कंपनीच्या खरेदी खात्यानं सांगावं अशी अपेक्षाच नव्हती.

हे पुस्तक त्या सलण्यातून आलं आहे. गेली अनेक वर्षं मी लहान उद्योजकांच्या थकलेल्या बिलांचे अर्ज तयार करते, सुनावणीला त्यांच्या शेजारी बसते, कंपन्यांच्या अकाउंट्स खात्यांना फोन करते. मी वकील नाही. माझ्याकडे माणसं प्लास्टिकच्या पिशवीत कागद भरून येतात आणि म्हणतात, "ताई, यात काय असेल ते बघा." त्या पिशव्यांतून जे शिकले ते इथं लिहिलं आहे.

थकलेलं बिल म्हणजे नेमकं काय, हे नोकरदार माणसाला चटकन उमगत नाही. पगार दहा दिवस लांबला तर घर हलतं, हे त्याला ठाऊक असतं. पण वर्कशॉपमध्ये उशीर एकटा येत नाही. बिल फाडलं की त्यावरचा जीएसटी पुढच्या महिन्याच्या 20 तारखेच्या आसपास भरावा लागतो, मग पेमेंट येवो न येवो. म्हणजे हाती न आलेल्या पैशावरचा कर स्वतःच्या खिशातून जातो. बँकेत कॅश क्रेडिट असेल तर 90 दिवसांपलीकडची येणी बहुतेक बँका ड्रॉइंग पॉवरमध्ये धरत नाहीत. जितकं पेमेंट थकतं तितकी उचलही आकसते. हप्ते 90 दिवस तुंबले की खातं एनपीए. मोठ्या कंपनीला ते तीन महिने बिनव्याजी मिळतात आणि त्यांचं व्याज सातपूरचा, भोसरीचा किंवा शिरोलीचा जॉबवर्कवाला भरतो. उधारी मोठ्याची, व्याज लहानाच्या माथी. ही व्यवस्था इतकी अंगवळणी पडली आहे, की तिला आपल्याकडे 'क्रेडिट पिरियड' असं साधं नाव आहे.

1993 च्या त्या कायद्याच्या जागी 2006 साली सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा आला. त्यातली कलमं 15 ते 24 या पुस्तकाचा कणा आहेत. खरेदीदारानं माल किंवा सेवा स्वीकारली की ठरलेल्या तारखेला पैसे द्यायचे, आणि लेखी करार काहीही असला तरी ही मुदत स्वीकारल्यापासून 45 दिवसांवर जाता कामा नये. लेखी ठरलेलंच नसेल तर 15 दिवस. मुदत चुकली की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज लागतं. बँक रेट 6 टक्के धरला तर व्याज 18 टक्के. 10 लाखांचं बिल वर्षभर थकलं तर सुमारे 1 लाख 95 हजार, आणि 3 वर्षं थकलं तर 7 लाखांवर. पीओवर, म्हणजे खरेदी ऑर्डरवर, मागच्या बाजूला बारीक अक्षरात '90 दिवस' किंवा '120 दिवस' छापलेलं असतं आणि आपला माणूस म्हणतो, मी सही केलीय, आता काय बोलणार? या कायद्यापुढे ते 120 दिवस टिकत नाहीत.

एक गोष्ट इथंच सांगायला हवी, कारण ती न कळल्यामुळे लोक हेलपाटे घालतात. हे संरक्षण पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु असेल तरच आहे. कायद्याच्या नावात मध्यम उद्योग आहे, पण थकबाकीच्या या कलमांत नाही. नुसता माल घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्यांनाही 2021 पासून 'उद्यम' ही सरकारी नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती, या व्याजासाठी नाही. 1 एप्रिल 2025 पासून मर्यादा वाढल्या आहेत: सूक्ष्मसाठी गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल 10 कोटी, लघुसाठी 25 कोटी आणि 100 कोटी. त्यामुळे काल बाहेर असलेले काही जण आज आत आले आहेत.

दाद मागायची ती सूक्ष्म व लघु उपक्रम सुविधा परिषदेकडे. राज्यानं नेमलेलं हे मंडळ तीन ते पाच जणांचं असतं. उद्योग खात्याचा अधिकारी अध्यक्ष, सोबत उद्योग संघटना, बँका, कायदा अशा क्षेत्रांतली माणसं. महाराष्ट्रात अशा परिषदा विभागवार आहेत. ऑक्टोबर 2017 मध्ये 'समाधान' पोर्टल आलं, तेव्हापासून घरबसल्या ऑनलाइन अर्ज करता येतो. आधी सलोख्याचा प्रयत्न होतो, तो फसला तर लवाद. कायद्यानं यासाठी 90 दिवस सांगितले आहेत. प्रत्यक्षात तारखा महिनोन्‌महिने पुढे जातात, आणि ही या व्यवस्थेची सर्वांत मोठी लाज आहे. उशिराची तक्रार ऐकणाऱ्या दारातच उशीर व्हावा, याचा मला दर वेळी तितकाच राग येतो. तरीही हे दार वापरा असं मी सांगते. कारण निकाल लागला आणि खरेदीदाराला तो कोर्टात उलटवायचा असेल, तर कलम 19 प्रमाणे आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. अपिलात घालून वर्षानुवर्षं लोंबकळत ठेवायचा खेळ तिथं महाग पडतो.

इतकं सगळं असताना माणसं अर्ज का करत नाहीत?

भीतीमुळे. याला दुसरं सभ्य नाव देण्यात अर्थ नाही. लहान कारखानदाराचे बहुधा एक-दोनच मोठे ग्राहक असतात. त्यातल्या एकावर अर्ज केला की वेंडर कोड बंद होईल, चौकशी येणं थांबेल, खरेदी खात्यातला साहेब दुसऱ्या कंपनीत गेला तरी तिथंही नाव सांगेल, ही भीती खोटी नाही. मी हे घडलेलं पाहिलं आहे. कायदा व्याज देतो, परिषद देतो, पण अर्ज केल्याबद्दल ज्याचं काम काढून घेतलं जातं त्याला काही देत नाही. म्हणून बहुतेक माणसं माझ्याकडे येतात ती नातं तुटल्यावर, काम आधीच बंद झाल्यावर. तोवर तीन-तीन वर्षं उलटलेली असतात आणि मुदतीचा प्रश्न उभा राहतो. या बाबतीत आपल्या महाराष्ट्रातूनच एक महत्त्वाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. सोनाली पॉवर इक्विपमेंट्स आणि राज्याचं वीज मंडळ यांच्यातल्या या प्रकरणात जुलै 2025 मध्ये निकाल लागला. मुदत उलटलेल्या येण्यासाठीही परिषदेपुढे सलोख्याला जाता येतं, पण लवादाला मुदतीचा कायदा लागू होतो, असं न्यायालयानं सांगितलं. म्हणजे उशीर केलात तर दार उघडं राहतं, पण आतल्या माणसाच्या हातात फक्त विनंती उरते.

भीतीवर माझ्याकडे औषध नाही. पण भांडणाआधी करण्यासारखं खूप आहे, आणि त्यानं बरीच भांडणं टळतात, हा माझा अनुभव आहे. मोठी कंपनी बाहेरून एक दिसते, पण आत खरेदी, स्टोअर, क्वालिटी आणि अकाउंट्स ही चार घरं असतात आणि ती एकमेकांशी फारशी बोलत नाहीत. बिल अडकलेलं असतं या घरांच्या मधल्या बोळात. स्टोअरनं जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, केलेली नसते, किंवा क्वालिटीनं दोन नग बाजूला ठेवून सगळा लॉट 'होल्ड'वर टाकलेला असतो, किंवा पीओवरचा दर आणि बिलावरचा दर यांत पैशांचा फरक पडून सिस्टीमनं बिल परत फेकलेलं असतं. आपला माणूस मात्र महिनाभर खरेदीवाल्या साहेबांना फोन करतो आणि साहेब "करतो, करतो" म्हणतात. त्यांच्या हातात काहीच नसतं. मदत करणाऱ्याचं पहिलं काम म्हणजे बिल नेमकं कुठल्या टेबलावर आहे ते शोधणं. ते सापडलं की अनेकदा एका सौम्य पत्रानं काम होतं. व्याजाचं कलम त्या पत्रात शेवटच्या ओळीत, शांतपणे लिहायचं.

उरतात ती खरी भांडणं, आणि त्यांत सर्वांत जास्त असते डेबिट नोट. एक प्रसंग सविस्तर सांगते. अंबडचे एक काका, शीट मेटलचं काम. ब्रॅकेटचे अकरा लॉट पाठवलेले, बिल सव्वासहा लाखांचं. पेमेंट मागून थकले आणि सात महिन्यांनी कंपनीकडून डेबिट नोट आली: 'गुणवत्ता दोष', दोन लाख दहा हजार वजा. माल तोवर कंपनीनं वापरून टाकलेला. काका म्हणाले, "ताई, दोन लाख सोडून देतो, चार तरी मिळवून द्या."

आम्ही त्यांच्या घरी फरशीवर सगळी चलनं पसरली. डिलिव्हरी चलनाची आपली प्रत सहसा गुलाबी किंवा पिवळी असते, तिसरी किंवा चौथी कार्बन कॉपी. अक्षर अगदी पुसट. त्यावर कंपनीच्या गेटवरचा जांभळा शिक्का असतो: आवक क्रमांक, तारीख, सिक्युरिटीवाल्याची सही. अकरापैकी आठ चलनांवर शिक्का स्वच्छ होता. दोनांवर शिक्का होता पण तारखेची जागा कोरी. एकावर काहीच नव्हतं. टेम्पोवाला घाईत होता, गेटवर रांग होती, तो तसाच आत जाऊन माल टाकून आला होता.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. माल पोचल्यापासून 15 दिवसांत खरेदीदारानं लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला त्या दिवशीच तो स्वीकारला असं धरलं जातं. पंधरा दिवस, सात महिने नव्हेत. सुनावणीत कंपनीच्या प्रतिनिधीनं डेबिट नोट पुढे केली तेव्हा अध्यक्षांनी एवढंच विचारलं, "पंधरा दिवसांतलं तुमचं रिजेक्शनचं पत्र किंवा ईमेल आहे का?" नव्हतं. आठ लॉटचा प्रश्न तिथंच संपला. तारीख नसलेल्या दोन चलनांसाठी टेम्पोवाल्याची भाड्याची पावती कामी आली. शिक्काच नसलेल्या त्या एका लॉटवर मात्र आम्ही हरलो. माल मिळालाच नाही, असं कंपनीनं म्हटलं आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी सलोखा झाला. तो लॉट वगळून मुद्दल पूर्ण, तीन हप्त्यांत, आणि व्याजातला मोठा भाग काकांनी सोडला. मी त्यांना सोडू नका म्हणाले होते. ते म्हणाले, "पोरीचं लग्न आहे, हातात येतंय ते घेतो." तो निर्णय त्यांचा होता. मदत करणाऱ्यानं तिथं थांबायचं असतं, हे मला पटायला वेळ लागला.

न्यायालयांनी या कायद्याला बळ दिलं आहे. महाकाली फूड्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2022 साली स्पष्ट केलं, की पीओमध्ये 'वाद आमच्या लवादापुढेच' असं छापलं असलं तरी लहान पुरवठादाराला परिषदेकडे जाण्यापासून ते रोखू शकत नाही. नोंदणीचा प्रश्न मात्र नाजूक आहे. माल दिल्यानंतर नोंदणी केली तर आधीच्या बिलांना लाभ नाही, असं त्याच निकालात आहे. जानेवारी 2025 मध्ये दुसऱ्या खंडपीठानं वेगळं मत मांडून हा मुद्दा मोठ्या पीठाकडे पाठवला. त्याचा काय निकाल लागेल याची वाट बघत बसू नका. उद्यम नोंदणी फुकट आहे, ऑनलाइन आहे, आधार आणि पॅनवर होते. पहिल्या बिलाच्या आधी करा आणि नोंदणी क्रमांक बिलावर छापा.

खरेदीदार सरकार असेल तेव्हा भांडणाची जातच बदलते. तिथं कुणी तुमचा माल वाईट म्हणत नाही. तिथं 'निधी आला नाही', 'हेड बदललं', 'ऑडिटची हरकत आहे', 'साहेबांची बदली झाली' ही उत्तरं मिळतात, आणि प्रत्येक उत्तर खरंही असतं. या कायद्यात खरेदीदार म्हणजे सरकारी खातं, महापालिका, महामंडळ, सगळे येतात. बांधकामाच्या ठेक्यांपुरतं मात्र सावध राहा. मुंबई उच्च न्यायालयाच्या काही निकालांत अशा ठेक्यांना ही कलमं लागू नाहीत असं धरलं आहे. दिवाणी दाव्याचा रस्ता धरायचा तर सरकारला आधी दोन महिन्यांची नोटीस लागते. पण सरकारी बिलात मला सर्वांत उपयोगी पडलेलं हत्यार वेगळंच आहे: 2005 चा माहिती अधिकार. 'माझं अमुक बिल कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर होतं आणि आज कुठं आहे?' एवढा एक प्रश्न, 10 रुपयांचं तिकीट, 30 दिवस. फाइल हलण्याला बहुधा एवढं पुरतं, कारण टेबलाचं नाव कागदावर येणं कुणालाच नको असतं. या अर्जाचा नमुना मी पुस्तकात मुद्दाम पूर्ण पानभर दिला आहे.

गेल्या काही वर्षांतला सर्वांत मोठा बदल आयकर कायद्यातून आला, हे थोडं आश्चर्याचंच. 2023 च्या अर्थसंकल्पानं कलम 43 ब मध्ये एक पोटकलम घातलं. सूक्ष्म व लघु पुरवठादाराला मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च पैसे देईल त्याच वर्षी खरेदीदाराला वजावट म्हणून मिळेल. मार्च 2024 मध्ये माझा फोन थांबत नव्हता. वर्षानुवर्षं न आलेली पेमेंट्स त्या महिन्यात खात्यात पडली. आणि त्याच महिन्यात दुसरेही फोन आले: "ताई, कंपनी म्हणतेय उद्यम नोंदणी रद्द करा, नाहीतर ऑर्डर बंद." मी प्रत्येकाला नको म्हणाले. काहींनी तरीही रद्द केली. त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. ज्या चांगल्या कलमामुळे लहान माणसाचीच ऑर्डर जाऊ शकते, त्याला जोड म्हणून सूड उगवणाऱ्या खरेदीदाराला आवर घालणारी तरतूद हवी, ही मागणी मात्र मी जिथं संधी मिळेल तिथं करते.

एक दार याच काळात बंदही झालं. दिवाळखोरी संहितेखाली 1 लाखाच्या थकबाकीवर कंपनीविरुद्ध जाता येत होतं. मार्च 2020 मध्ये ती मर्यादा 1 कोटी झाली. कोविडच्या दिवसांत त्यामागचं कारण समजण्यासारखं होतं, पण लहान पुरवठादाराच्या हातातली एक काठी गेली ती गेलीच. ट्रेड्सबद्दल, म्हणजे बिलं ऑनलाइन वटवण्याच्या व्यवस्थेबद्दल, पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे. 250 कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना आता तिथं नोंदणी सक्तीची आहे. पण खरेदीदारानं बिल मान्य केल्याशिवाय पैसे मिळत नाहीत, म्हणजे अडचण पुन्हा त्याच टेबलावर येते.

इतर काही देशांनी यासाठी माणूस नेमला आहे. ऑस्ट्रेलियात 2016 पासून लहान व कौटुंबिक उद्योगांसाठी स्वतंत्र लोकपाल आहे. ब्रिटनमध्ये 2016 च्या कायद्यानं लघुउद्योग आयुक्त आला, आणि पन्नासहून कमी माणसं असलेल्या उद्योगाला मोठ्या कंपनीविरुद्ध त्याच्याकडे तक्रार नेता येते. त्यांच्या अधिकारांनाही मर्यादा आहेत. पण फोन उचलून 'तुमचं प्रकरण काय आहे?' असं विचारणारा एक अधिकारी तिथं आहे. आपल्याकडे पोर्टल आहे, परिषद आहे, आणि त्या दोघांच्या अलीकडे, अर्ज लिहायच्या आधी, कुणीच नाही. ते काम उद्योग संघटनांच्या कार्यालयांत, कुणा निवृत्त बँकवाल्याच्या घरी, कुणा कर सल्लागाराच्या टेबलाच्या कोपऱ्यावर फुकटात चालतं. जिल्हा उद्योग केंद्रात आठवड्यातून दोन दिवस असा एक माणूस बसवला, तर परिषदेपुढचे निम्मे अपुरे अर्ज नीट होऊन येतील अशी माझी खात्री आहे.

तोवर हे पुस्तक. ते वकिलांसाठी नाही. ज्याच्या शेडमध्ये मशीनच्या आवाजात फोन ऐकू येत नाही आणि रात्री जेवण झाल्यावरच कागद बघायला वेळ मिळतो, त्याच्यासाठी आणि बहुतेक घरांत ते कागद प्रत्यक्षात सांभाळणाऱ्या त्याच्या बायकोसाठी किंवा मुलीसाठी ते लिहिलं आहे. व्याजाचा तक्ता शेवटी आहे, पत्रांचे नमुने मधे. पहिलं प्रकरण कायद्याचं नसून डिलिव्हरी चलनाचं आहे: टेम्पोवाल्याला काय सांगायचं, गेटवर शिक्का कुठं आणि कसा घ्यायचा, तारीख पुसट उमटली तर तिथल्या तिथं पेनानं कशी लिहून घ्यायची, आणि संध्याकाळी त्या प्रतीचा मोबाईलवर फोटो कसा ठेवायचा. वाचायला बसताना तुमच्या शेवटच्या डिलिव्हरीचं चलन शोधून जवळ ठेवा.